बासरी कुणाला द्यायची? : फाइना रानेव्हस्काया आणि छोट्या भूमिकांचा प्रश्न

आज आपण फाइना रानेव्हस्काया या रशियन अभिनेत्रीविषयी बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने एका नटीवर व्याख्यान का द्यावं, असं काहींच्या मनात येईल. त्याचं कारण अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मध्ये आहे. तिथे तो एक साधा दाखला देतो. बासरी वाजवणारे अनेक आहेत, उत्तम बासऱ्या मात्र मोजक्याच आहेत. त्या कुणाला द्यायच्या? जो मोठ्या घराण्यातला आहे त्याला? जो दिसायला देखणा आहे त्याला? अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, जो सगळ्यांत चांगली वाजवतो त्याला. घराणं आणि रूप या चांगल्या गोष्टी असतील, पण त्यांनी सुरात काही भर पडत नाही.

हे इतकं सरळ आहे की वर्गात सगळे माना डोलावतात आणि पुढच्या पानावर जातात. पण प्रत्यक्ष जगात बासऱ्या अशा वाटल्या जातात का? आणि जिला बासरी मिळाली नाही, किंवा अगदी थोडा वेळच मिळाली, तिच्या आयुष्याची किंमत आपण कशी करायची? रानेव्हस्काया जवळजवळ सत्तर वर्षं रंगभूमीवर होती. सोव्हिएत देशात तिला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. तरीही आपल्या हातून व्हायला हवं होतं त्याचा थोडासाच भाग झाला, ही तिची आयुष्यभराची तक्रार होती. ही तक्रार आज आपण नीट ऐकून घेणार आहोत.

आधी एक अडचण सांगतो. तिचं नाव इंटरनेटवर शोधलंत तर पहिल्यांदा तुमच्यासमोर येतील ते विनोद. तिखट, थोडे चावट, हजरजबाबी. तिच्या नावावर अशी पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत. ती बोलण्यात धारदार होती यात शंका नाही, पण यातले कितीतरी विनोद दुसऱ्या कुणाचे तरी आहेत आणि ते नंतर तिच्या नावावर चढले. आपल्याकडे बिरबलाचं झालं तसंच. एकदा माणसाचा बिरबल झाला की त्याच्या तोंडी काहीही खपतं, आणि मूळ माणूस दिसेनासा होतो. म्हणून आज मी तिचा एकही विनोद सांगणार नाही. तिचं काम बघू.

तिचा जन्म ऑगस्ट १८९६ मधला, अझोव्ह समुद्राकाठच्या तागान्रोग गावातला. हेच चेकॉव्हचंही गाव. घर श्रीमंत ज्यू उद्योजकाचं, आडनाव फेल्डमन. मुलगी लाजाळू, बोलताना अडखळणारी. तिचं तोतरेपण आयुष्यभर राहिलं, पण रंगमंचावर पाऊल टाकलं की ते नाहीसं व्हायचं. नटी व्हायचं म्हटल्यावर वडिलांनी विरोध केला. तरी ती मॉस्कोला गेली. नाटकाच्या शाळांनी तिला घेतलं नाही.

‘रानेव्हस्काया’ हे नाव तिने चेकॉव्हच्या ‘चेरीची बाग’ या नाटकातून घेतलं. त्याची गोष्ट ती स्वतः सांगायची. केर्च गावी बँकेतून घरून आलेले पैसे घेऊन ती बाहेर पडली, वाऱ्याने नोटा उडाल्या, आणि त्या गोळा करण्याऐवजी ती त्या किती छान उडताहेत हेच बघत राहिली. बरोबरचा सहकलाकार म्हणाला, तू तर अगदी रानेव्हस्काया आहेस. नाटकातली ल्युबोव्ह रानेव्हस्काया अशीच. हातातून पैसा जातोय, बाग जाते आहे, आणि तिला हिशेब जमत नाही. पुढे १९१७ मध्ये फेल्डमन कुटुंब देश सोडून गेलं आणि ही एकटी मागे राहिली, तेव्हा गमतीत घेतलेलं हे नाव तिला फारच चपखल बसलं.

१९१५ मध्ये मॉस्कोजवळच्या मालाखोव्का इथल्या उन्हाळी नाट्यगृहात तिला छोटी कामं मिळाली. तिथला एक प्रसंग आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. लिओनिद आंद्रेयेव्हच्या एका नाटकात तिच्या वाट्याला एकही वाक्य नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. मुख्य नट होता इलारिऑन पेव्हत्सोव्ह. तिने त्याला विचारलं, बोलायला काहीच नाही, तर मी करू काय? त्याने सांगितलं की तू माझ्यावर प्रेम कर, माझं जे जे होईल त्याची तुला काळजी वाटू दे. तिने खरोखर तेवढंच केलं. प्रयोग संपल्यावरही तिचं रडू थांबेना. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाली, तुम्हीच सांगितलं होतं ना, म्हणून आख्खी संध्याकाळ मी तुमच्यावर प्रेम करत होते. ही आठवण तिचीच आहे. छोटी भूमिका म्हणजे काय, हे तिला अगदी सुरुवातीला इथे कळलं असावं.

पुढे तिला पाव्ला वुल्फ भेटली. ही प्रांतिक रंगभूमीवरची नावाजलेली नटी. फाइना तिच्याकडे गेली, वुल्फने परीक्षा म्हणून एक भूमिका बसवायला सांगितली, आणि पाहिल्यावर तिला आपल्या घरातच घेतलं. यादवी युद्धाच्या काळात हे सगळे क्रिमियात होते. भयंकर दुष्काळ, रस्त्यावर माणसं मरत होती. कवी माक्सिमिलियन व्होलोशिन पाठीवरच्या पिशवीतून त्यांच्यासाठी मासे आणि पाव घेऊन यायचा, हे तिने लिहून ठेवलं आहे. त्याच काळात तिने ‘चेरीची बाग’मधली शार्लोटा केली. शार्लोटा ही घरात मुलीला सांभाळायला ठेवलेली बाई. पत्त्यांचे खेळ करून सगळ्यांना हसवते, आणि आपण कोण, आपले आईबाप कोण, आपलं वय किती, हे तिला ठाऊक नाही. हसवणारी आणि बेघर. रानेव्हस्कायाच्या पुढच्या सगळ्या कामाची ही चावी आहे असं मला वाटतं.

मग गावोगावच्या कंपन्यांमधून बरीच वर्षं फिरल्यावर १९३१ मध्ये ती मॉस्कोत ताइरोव्हच्या कामेर्नी थिएटरमध्ये उभी राहिली. चित्रपटात आली १९३४ साली, मिखाईल रोमच्या ‘पिश्का’मध्ये. मोपासांच्या कथेवरचा हा मूकपट. म्हणजे ओठ हलले तरी ऐकू काही येणार नाही. तरी तिने आपली वाक्यं मूळ फ्रेंचमधून पाठ केली आणि चित्रीकरणात ती फ्रेंचमध्येच म्हटली. का? कारण फ्रेंच बोलताना तोंडाची ठेवण वेगळी होते.

१९३९ मध्ये ‘पोदकिदिश’ हा विनोदी चित्रपट आला. हरवलेल्या एका छोट्या मुलीची गोष्ट. त्यात तिने एक दणदणीत बायको केली, जी आपल्या मुल्या नावाच्या नवऱ्याला ‘माझं डोकं उठवू नकोस’ अशा अर्थाचं एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवते. झालं! पुढची पंचेचाळीस वर्षं ते वाक्य तिच्या मागे लागलं. रस्त्यात पोरं तिच्या मागे ओरडत धावायची. १९७६ मध्ये तिला ऑर्डर ऑफ लेनिन दिली गेली, तेव्हा खुद्द ब्रेझनेव्हने तेच वाक्य म्हणून तिचं स्वागत केलं असं सांगतात. तिला त्या वाक्याचा मनापासून तिटकारा होता. आपण याला लोकप्रियता म्हणतो. पण विचार करा. तुम्ही गोर्कीची ‘वास्सा झेलेझ्नोवा’ रंगमंचावर उभी केली आहे, आणि लोक तुम्हाला एका वाक्याने ओळखतात.

आता येतो तो चित्रपट, ज्यात तिला पुरेशी जागा मिळाली. मिखाईल रोमचा ‘मेच्ता’, म्हणजे ‘स्वप्न’. तो पुरा झाला १९४१ मध्ये, युद्ध सुरू होत असताना, आणि लोकांपर्यंत आला १९४३ मध्ये. १९३० च्या दशकातलं, तेव्हा पोलंडच्या ताब्यात असलेल्या पश्चिम युक्रेनमधलं एक शहर. तिथे रोझा स्कोरोखोद ही बाई भाड्याने खोल्या देते. चिक्कू, हुकूमशहा, भाडेकरूंच्या जिवावर उठलेली. आणि हे सगळं कशासाठी? तर मुलासाठी. मुलगा इंजिनिअर आहे, मोठा होणार आहे. तो काही मोठा होत नाही. रानेव्हस्काया तेव्हा पंचेचाळिशीच्या आतली होती, पण ती जी म्हातारी दाखवते ती वयाची नाही, खर्ची पडलेल्या आशेची आहे. रोझाचा राग येतो आणि त्याच क्षणी तिच्याविषयी पोटात कालवतं. दोन्ही भावना एकमेकींना खोडत नाहीत. हे फार थोड्यांना जमतं.

हे पाहिल्यावर कुणालाही वाटेल, आता हिला मोठ्या भूमिका मिळणार. तशी वेळ आलीही. सर्गेई आयझेनस्टाइन ‘इव्हान द टेरिबल’ करत होता आणि त्यातल्या एफ्रोसिनिया स्तारित्स्काया या कारस्थानी सरदारणीसाठी त्याला रानेव्हस्कायाच हवी होती. चित्रपट खात्याचा प्रमुख इव्हान बोल्शाकोव्ह याने ऑक्टोबर १९४२ मध्ये पक्षातल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. आशय असा की, तिच्या चेहऱ्याची ज्यू ठेवण ठळक आहे, क्लोज-अपमध्ये ती विशेष उठून दिसते, म्हणून या भूमिकेसाठी तिला मंजुरी देऊ नये. भूमिका सेराफिमा बिर्मानने केली. तारीख लक्षात घ्या. १९४२. नाझींविरुद्ध जीवनमरणाचं युद्ध चालू आहे, आणि या बाजूच्या कचेरीत बसून एक अधिकारी नटीच्या नाकाडोळ्यांचा हिशेब करतो आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या दाखल्यात घराणं आणि रूप यांचा उल्लेख होता. इथे दोन्ही एका वाक्यात आले. आणि नकार देणाऱ्याने तिला अभिनय येत नाही असा शब्दसुद्धा काढलेला नाही.

याच राज्याने तिला तीन स्टॅलिन पारितोषिकं दिली, एक १९४९ मध्ये आणि दोन १९५१ मध्ये. १९६१ मध्ये ‘पीपल्स आर्टिस्ट ऑफ द यूएसएसआर’ हा सर्वोच्च किताब दिला. म्हणजे सन्मान भरपूर, बासरी मात्र बेताची. सन्मान देणं सोपं असतं. एकदा समारंभ केला की संपलं. योग्य भूमिका देण्यासाठी मात्र कुणीतरी धोका पत्करावा लागतो.

आता ती छोट्या जागेत काय करायची ते बघू. १९४७ चा ‘झोलुश्का’, म्हणजे सिंड्रेला. येव्हगेनी श्वार्त्सची पटकथा. हिची भूमिका सावत्र आईची. ती सावत्र आई दुष्ट राक्षसीण नाही, तर वरपर्यंत ओळखी असलेली, सरकारदरबारी वजन असलेली बाई आहे. मेजवानीत ती राजपुत्राने आपल्या मुलींकडे किती वेळा पाहिलं, किती वेळा हसला, किती उसासे टाकले हे टिपून ठेवायला लावते आणि शेवटी बेरीज करते! एखाद्या कारकुनाने वहीत जमेच्या रकमा मांडाव्यात तसं. सोव्हिएत प्रेक्षकाला ही बाई आपल्या चाळीतली, आपल्या ऑफिसातली वाटली असणार. परीकथेत तिने एक खरा माणूस आणून बसवला.

दुसरं उदाहरण रंगभूमीवरचं. मोसोव्हेत थिएटरमध्ये १९५१ मध्ये बिल-बेलोत्सेर्कोव्स्कीचं ‘श्तोर्म’ (वादळ) हे क्रांतीच्या काळावरचं गंभीर नाटक बसवलं गेलं. त्यात मान्का नावाची काळाबाजारवाली. गुप्त पोलिसांच्या कचेरीत तिची चौकशी होते, एवढाच प्रवेश. रानेव्हस्कायाने स्वतः नवी वाक्यं लिहिली, लेखकाला दाखवली आणि त्याने ती मान्य केली. प्रयोग सुरू झाले आणि वेगळाच घोटाळा झाला. लोक मान्का बघायला येऊ लागले आणि तिचा प्रवेश संपला की उठून जाऊ लागले. क्रांतीचे नायक अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषणं करताहेत! दिग्दर्शक युरी झावाद्स्कीने शेवटी तो प्रवेशच काढून टाकला असं सांगतात. हा निर्णय तुम्हाला अन्यायाचा वाटेल. पण दिग्दर्शकाच्या बाजूनेही बघा. नाटकाचा तोल जात होता. बाकीच्या नटांनी काय करायचं? इथे खलनायक कुणी नाही. एवढ्याशा भांड्यात एवढं पाणी ओतलं, ते सांडणारच.

इथे अ‍ॅरिस्टॉटलची दुसरी एक गोष्ट उपयोगी पडते. ‘मेटॅफिजिक्स’मध्ये तो दोन प्रकारच्या क्रिया सांगतो. घर बांधणं ही एक क्रिया. ती चालू असते तोवर घर अपुरं, आणि घर पुरं झालं की बांधणं संपतं. पाहणं ही दुसरी क्रिया. तुम्ही पाहत असता त्याच क्षणी तुमचं पाहून झालेलंही असतं. ती प्रत्येक क्षणी पूर्ण असते. मला वाटतं, अभिनय या दुसऱ्या प्रकारात बसतो. मान्काचा प्रवेश लांबीने कितीही लहान असो, तो अपुरा नाही. अपुरं घर असतं, अपुरी नजर नसते. म्हणून ‘भूमिका छोटी होती पण तिने मोठी केली’ असं आपण म्हणतो ते जरा चुकीचं आहे. भूमिकेची लांबी तेवढीच राहिली. तिने ती पूर्ण केली.

मग तिची तक्रार खोटी ठरते का? इथेच थांबायला पाहिजे, कारण आपल्याला अशा ठिकाणी गोड निष्कर्ष काढायची घाई असते. म्हणतो, कलाकाराला छोटं-मोठं काही नसतं, ती समाधानी असायला हवी होती. नाही. जे घडलं ते पूर्ण होतं, हे खरं. आणि जे घडू शकलं असतं ते घडलं नाही, हेही तितकंच खरं. एफ्रोसिनिया तिच्याकडून कधीच झाली नाही. ते नुकसान मान्काच्या टाळ्यांनी भरून निघत नाही, कारण ती दोन वेगळी खाती आहेत. सुप्त क्षमता म्हणजे नुसती कल्पना असते असं अ‍ॅरिस्टॉटल मानत नाही. ती माणसात खरोखर असते. वाजवता येणारा माणूस बासरी हातात नसतानाही वादकच असतो. म्हणून तर रिकामा हात त्याला दुखतो.

उतारवयात तिला दोन मोठ्या भूमिका मिळाल्या, हे आपलं भाग्य. १९६६ मध्ये ‘विचित्र मिसेस सॅव्हेज’, एका अमेरिकन नाटकातली मुख्य भूमिका. काही वर्षांनी तिने ती स्वतःहून सोडली आणि ती ल्युबोव्ह ओर्लोव्हाकडे गेली. ओर्लोव्हा म्हणजे तिथल्या पडद्यावरची सर्वांत मोठी नायिका. जिने आयुष्यभर बासरीची वाट पाहिली तिने हातात आलेली बासरी पुढे दिली.

दुसरी भूमिका १९६९ ची. आनातोली एफ्रोस दिग्दर्शक, नाटक ‘दाल्शे – तिशिना’, म्हणजे ‘पुढे शांतता’. नावात हॅम्लेटच्या अखेरच्या शब्दांची आठवण आहे. मूळ कथा अमेरिकन. म्हातारं जोडपं, घर जातं, मुलांना दोघांना एकत्र ठेवून घेणं जमत नाही, म्हणून आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे. ‘ऊनपाऊस’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे दुःख परकं नाही. रानेव्हस्कायाबरोबर होता रोस्तिस्लाव्ह प्ल्यात. शेवटी स्टेशनवर दोघं निरोप घेतात. आपण वृद्धाश्रमात चाललो आहोत हे तिने नवऱ्यापासून लपवलं आहे. ही अखेरची भेट आहे हे तिला माहीत आहे. रडारड नाही. ती शांतपणे त्याला निरोप देते, त्याचा प्रवास सुखाचा व्हावा एवढीच काळजी. पेव्हत्सोव्हने चौपन्न वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं तेच इथे आहे. समोरच्या माणसावर प्रेम कर, बाकी काही करू नकोस.

शेवटची काही वर्षं ती एकटी होती. पाव्ला वुल्फ १९६१ मध्ये गेली. पॅरिसहून परत आलेली बहीण इझाबेला काही वर्षांतच गेली. ताश्कंदच्या निर्वासित काळापासूनची मैत्रीण, कवयित्री आन्ना अख्मातोव्हा १९६६ मध्ये गेली. घरात एक रस्त्यावरून उचलून आणलेला कुत्रा होता, त्याचं नाव माल्चिक, म्हणजे ‘मुलगा’. आत्मचरित्र लिहायला तिने प्रकाशकाकडून आगाऊ पैसे घेतले, लिहिलं, मग ते फाडून टाकलं आणि पैसे परत केले. उरल्या त्या चिठ्ठ्या, कागदाचे तुकडे, वहीतल्या ओळी. १९८३ मध्ये तिने रंगभूमी सोडली आणि १९ जुलै १९८४ रोजी मॉस्कोत तिचं निधन झालं. दोन्स्कोये दफनभूमीत बहिणीशेजारी तिला ठेवलं आहे.

वेळ झाली आहे. एक प्रश्न आला आहे तो घेतो. श्रोत्याने विचारलं आहे, १९१७ मध्ये ती घरच्यांबरोबर निघून गेली असती तर जास्त सुखी झाली नसती का?

सुखी झाली असती कदाचित, श्रीमंत तर नक्कीच. पण नटीची बासरी म्हणजे तिची भाषा. गायकाला परदेशी जाता येतं, नर्तकालाही. शब्दांवर जगणाऱ्या नटाचं तसं नसतं. रशियन रंगभूमी रशियातच होती, म्हणून ती राहिली. त्या निर्णयाचं मोल तिने आयुष्यभर मोजलं, आणि तो चुकला असं तिच्या वागण्यातून कुठे दिसत नाही. तक्रार होती ती आपल्याला कमी काम मिळालं याची, आपण हे काम निवडलं याची नव्हती.

ज्यांना तिचं काम पाहायचं आहे त्यांनी आधी ‘मेच्ता’ बघावा, मग ‘पुढे शांतता’चं १९७८ चं दूरचित्रवाणीसाठी केलेलं चित्रण. भाषा कळली नाही तरी चालेल. तिचा चेहरा बघा. त्यातही क्लोज-अप जरूर बघा. ज्या चेहऱ्यावर फुली मारली गेली होती तो हाच.